विमान लागणें : एका जुन्या दुखण्याचा इतिहास

मराठी भाषेंत 'लागणें' हें क्रियापद मोठें मार्मिक आहे. ऊन लागतें, थंडी लागते, दृष्ट लागते, वेड लागतें. त्याच चालीवर पूर्वीं लोकांना बोट लागे, मग गाडी लागूं लागली आणि आतां विमान लागतें. बाहेरची कांहीं वस्तु येऊन मनुष्यास बिलगते आणि त्याची प्रकृति बिघडवते, हा अर्थ या सर्व प्रयोगांत अनुस्यूत आहे. इंग्रजींत मळमळीला जो 'नॉशिया' शब्द आहे, तोहि ग्रीक भाषेंतील 'नौस' म्हणजे जहाज या शब्दापासून निघालेला. आपल्या 'नौका' शब्दाचा तो जवळचा भाऊबंद. म्हणजे दोन्ही भाषांनीं दुखण्याचा दोष वाहनाच्या माथीं मारला आहे आणि प्रवाशास निर्दोष ठरविलें आहे. भाषेनें दाखविलेला हा न्याय माणसांनीं मात्र नेहमींच दाखविला असें नाहीं. ज्याला विमान लागतें तो मनाचा दुबळा, भित्रा, किंवा निदान पोटाचा तरी हलका, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतूनहि पुष्कळ आढळते. दोन सहस्र वर्षांहून जुन्या अशा या दुखण्याचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत कितपत खरी आहे, याचा निर्णय आपोआप होतो. आणि त्या निर्णयांतच उपायाचीहि दिशा सांपडते.

ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या नांवावर असलेल्या सूत्रांत, गतीनें शरीर बिघडतें हें समुद्रप्रवासावरून सिद्ध होतें, अशा आशयाचें एक वचन आहे. वचन लहानसें, पण त्यांतील दृष्टि विलक्षण अचूक आहे. समुद्राचें पाणी, खारा वारा किंवा जहाजावरील दुर्गंधि यांपैकीं कशाचाहि उल्लेख न करतां त्यानें केवळ गतीवर बोट ठेवलें. त्यानंतर कित्येक शतकें वैद्यमंडळी जठर, पित्त, यकृत, मेंदूंतील रक्त अशा नाना स्थळीं या दुखण्याचें मूळ शोधीत राहिली. पण हिपॉक्रेटिसाच्या सूत्रापुढें त्यांचें पाऊल फारसें पडलें नाहीं.

हें दुखणें भित्र्यांचें, असें म्हणणाऱ्यांनीं दोन माणसांकडे पाहावें. ट्रफाल्गारच्या लढाईंत १८०५ सालीं धारातीर्थीं पडलेला इंग्लंडचा सेनानी नेल्सन याला बाराव्या वर्षापासून समुद्राची संवय. तरी मोठा वारा सुटला कीं आपण प्रत्येक वेळीं आजारी पडतों, आणि आपल्या व्यवसायावरील प्रेम नसतें तर समुद्रावर एक तासहि थांबलों नसतों, असें त्यानें १८०४ सालच्या एका पत्रांत स्पष्ट लिहिलें आहे. दुसरा मनुष्य म्हणजे चार्ल्स डार्विन. 'बीगल' जहाजावर तो १८३१ च्या डिसेंबरांत चढला आणि १८३६ मध्यें उतरला. या जवळजवळ पांच वर्षांत बोट लागणें त्याच्या पाठीमागें सारखें होतेंच. वडिलांनीं सुचविलेले बेदाणे खाऊन आणि आडवें पडून राहून तो दिवस काढी. एक अजिंक्य योद्धा आणि एक अविश्रांत शोधक. यांपैकीं कोणाला आपण मनाचा दुबळा म्हणणार?

आपल्याकडे हा अनुभव कोंकणच्या माणसांनीं पिढ्यान् पिढ्या घेतला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, मालवण, पणजी अशा बंदरांकडे जाणाऱ्या आगबोटींच्या डेकवर वळकट्या पसरून बसलेल्या बायामाणसांजवळ लिंबू, आल्याचा तुकडा आणि आवळासुपारी हीं असावयाचींच. 'डोळे मिटून आडवा हो' किंवा 'दूर किनाऱ्याकडे नजर लाव' असा उपदेश वडील माणसें करीत. या उपदेशांत किती शास्त्र होतें, हें पुढें दिसेल.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांत वाफेचीं जहाजें आलीं आणि श्रीमंत प्रवासी वाढले. तेव्हां दुखण्याच्या परिहारार्थ यंत्रविद्येलाच कामास लावण्याची कल्पना निघाली. पोलाद करण्याच्या नव्या रीतीमुळें जगप्रसिद्ध झालेला हेन्री बेसेमर १८६८ सालीं कॅलेहून डोव्हरला येतांना बोट लागून फार हैराण झाला होता. त्यानें मनाशीं ठरविलें कीं, जहाज हलूं द्यावें, पण प्रवाशांची खोली हलूं देऊं नये. त्या कल्पनेनें बांधलेल्या 'बेसेमर' जहाजांतील भव्य दिवाणखाना आंसावर टांगलेला होता आणि पाण्याच्या दाबानें चालणाऱ्या यंत्रानें तो समतल ठेवावयाचा होता. ८ मे १८७५ रोजीं लोकांस घेऊन हें जहाज कॅले बंदरांत शिरलें आणि सुकाणूस दाद न देतां धक्क्यावर जाऊन आदळलें! कंपनी बुडाली, चार वर्षांनीं जहाज मोडीत निघालें, आणि तो दिवाणखाना जहाजाच्या शिल्पकाराच्या घरीं बिलियर्ड खेळण्याची खोली होऊन राहिला. बेसेमरचा अपराध एवढाच कीं, त्यानें दुखण्याचें मूळ जहाजांत शोधलें. तें मूळ मनुष्याच्या कानांत आहे, ही वार्ता त्याच सुमारास प्रयोगशाळांतून बाहेर पडत होती.

कान हें ऐकण्याचें इंद्रिय, एवढेंच आपण सामान्यतः जाणतों. पण अंतःकर्णांत शंखाकृति श्रवणभागाशेजारीं तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें वळलें कीं तो द्रव किंचित् मागें राहतो आणि डोकें कोणत्या बाजूस फिरलें याची वर्दी मेंदूस पोंचते. त्यांच्याच लगत दोन सूक्ष्म पिशव्या असून त्यांतील चुनखडीचे अतिसूक्ष्म कण खालीं-वर, पुढें-मागें होणाऱ्या हालचालीची आणि पृथ्वीच्या आकर्षणाच्या दिशेची जाणीव देतात. फ्लूरान्स या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत कबुतरांच्या या नलिका छेदून पाहिल्या, तेव्हां पक्ष्यांचा तोल गेला. १८८१ मध्यें आयर्विन या वैद्यानें 'लॅन्सेट' पत्रांत लिहितांना, जहाज, आगगाडी, झोपाळा या सर्वांनीं होणारें दुखणें एकच असून त्याला 'गतिजन्य आजार' असें सामान्य नांव द्यावें, असें सुचविलें. पुढील वर्षीं अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यानें केलेलें निरीक्षण तर फारच बोलकें आहे. त्यानें हार्वर्डच्या सुमारें २०० विद्यार्थी व अध्यापकांना गरगर फिरवून पाहिलें. एक सोडून सर्वांना भोंवळ आली. मग त्यानें ५१९ मूकबधिरांची माहिती मिळविली. त्यांपैकीं १८६ जणांना भोंवळ मुळींच येत नव्हती. ज्यांचा अंतःकर्ण नष्ट झाला, ते या पीडेंतून मुक्त झाले, असा याचा अर्थ होता. यावरून जेम्सनें, बोट लागूं नये म्हणून कानामागें फोड आणणारें औषध लावून पाहावें, अशीहि सूचना केली. सूचना निरुपयोगी ठरली. पण कानामागची जागा पुढें एका निराळ्याच रीतीनें भाग्यवान् ठरावयाची होती.

या विद्येला प्रतिष्ठा मिळवून दिली ती व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यानें. रोग्याच्या कानांत गार किंवा ऊन पाणी सोडलें असतां त्याला चक्कर येते आणि डोळ्यांचे बुबुळ विशिष्ट दिशेनें थरथरतात, या साध्या निरीक्षणावरून त्यानें अंतःकर्णाच्या परीक्षेची पद्धति बसविली. १९१४ सालचें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें, तेव्हां तो पहिल्या महायुद्धांत रशियाच्या कैदेंत होता! स्वीडनचा राजपुत्र कार्ल याच्या मध्यस्थीनें १९१६ मध्यें त्याची सुटका झाली. मनुष्याच्या तोलाचें रहस्य उलगडणारा पंडित कैदेंत, आणि सारें युरोप खंड तोल सोडून धांवत सुटलेलें, असा तो विचित्र योग होता.

याच काळांत विमान आलें. समुद्राला लाटा असतात हें डोळ्यांना दिसतें. हवेलाहि लाटा असतात हें विमानानें पोटाला शिकविलें. ऊन्हानें जमीन तापली कीं तिच्यावरील हवा वर उसळते, तळ्यावरची किंवा रानावरची हवा त्या मानानें थंड राहते. या चढउतारांतून जाणारें विमान कधीं उचललें जातें, कधीं खालीं बसतें. प्रारंभींचीं विमानें कमी उंचीवरून, म्हणजे नेमकीं या खळबळीच्या थरांतूनच जात. त्यांत पेट्रोलचा वास, यंत्राचा कर्णकर्कश आवाज आणि थंडी यांची भर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू विमानतळावर लहानसें 'पस मॉथ' विमान आणलें, तेव्हां त्यांत टपालाच्या थैल्या होत्या, आणि थैल्यांस विमान लागत नाहीं! पण माणसें नेऊं लागलेल्या अमेरिकेंतील कंपन्यांना हा प्रश्न टाळतां येईना. एलन चर्च या परिचारिकेला स्वतः वैमानिक व्हावयाचें होतें. तें काम स्त्रियांस मिळणें शक्य नाहीं असें दिसतांच, निदान प्रवाशांची शुश्रूषा करण्यासाठीं परिचारिका तरी ठेवा, असें तिनें बोइंग कंपनीच्या वाहतूक खात्यास पटविलें. १५ मे १९३० रोजीं ओकलंडहून शिकागोकडे वीस तासांच्या प्रवासास ती निघाली आणि जगांतील पहिली हवाई सेविका ठरली. तिच्यासह नेमलेल्या पहिल्या आठहि तरुणी शिक्षित परिचारिका होत्या. आज ज्या धंद्याकडे केवळ आतिथ्याच्या दृष्टीनें पाहिलें जातें, त्याचा जन्म असा रुग्णसेवेंतून झाला आहे.

पुढें विमानानेंच आपला कांहीं दोष धुऊन काढला. १९४० मध्यें हवेचा दाब राखणारें पहिलें प्रवासी विमान, बोइंगचें 'स्ट्रॅटोलायनर', वाहतुकींत आलें. आंतल्या दाबामुळें प्रवाशांस गुदमरूं न देतां खळबळीच्या वरून उडणें शक्य झालें. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनकडे निघालेलें एअर-इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें त्याच जातीच्या नव्या पिढीचें विमान होतें. १९४९ मध्यें शेल्डाल या अमेरिकन संशोधकानें आंतून प्लॅस्टिकचें अस्तर लावलेली कागदी पिशवी तयार केली. आसनापुढील खिशांतील ही पिशवी क्षुद्र खरी. परंतु मनुष्याची लाज राखणारीं उपकरणें क्षुद्र म्हणूं नयेत. पुढें जेट विमानें आलीं, त्यांची उंची आणखी वाढली, आणि विमान लागणें हा पूर्वीं सर्वसाधारण असलेला प्रकार पुष्कळच विरळ झाला. तो समूळ गेला मात्र नाहीं. चढतांना, उतरतांना आणि पावसाळी ढगांतून जातांना तो अजूनहि आपली आठवण देतो.

औषधांच्या शोधास खरा वेग आला तो दुसऱ्या महायुद्धानें. छत्रीधारी सैनिक विमानांतून, दोराला बांधलेल्या ग्लायडरांतून आणि सपाट बुडाच्या होड्यांतून नेले जात. आणि रणभूमीवर पाय ठेवतांना ते वांतीनें गळून गेलेले असत. ६ जून १९४४ रोजीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजांना पिशव्या आणि गोळ्या दोन्ही देण्यांत आल्या होत्या. त्यांपैकीं 'हायोसीन' हें द्रव्य वनस्पतिजन्य असून खुरासानी ओवा व धोतरा यांच्या वर्गांतील झाडांत सांपडतें. ज्या धोतऱ्याचें नांव ठगांच्या गोष्टींत विष म्हणून येतें, त्याच्याच कुळांतील द्रव्यानें सैनिकांचें पोट स्थिर ठेवावें, हा मात्रेचा महिमा होय.

दुसरें प्रसिद्ध औषध तर अकल्पित रीतीनें सांपडलें. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत १९४७ मध्यें गे आणि कार्लिनर हे डॉक्टर अंगावर पित्त उठण्यावर एक नवें औषध देऊन पाहत होते. एका रुग्ण स्त्रीनें सांगितलें कीं, पित्ताचें काय व्हावयाचें तें होवो. पण ट्रामनें येतांना आपल्याला नेहमीं जी मळमळ होई, ती हें औषध घेतल्यापासून होत नाहीं. डॉक्टरांनीं तिचें बोलणें हंसण्यावारी नेलें नाहीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत 'जनरल बॅलू' या जहाजांतून न्यूयॉर्कहून जर्मनीकडे जाणाऱ्या १३०० हून अधिक सैनिकांवर त्यांनीं प्रयोग केला. कांहींना खरें औषध, कांहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. फरक स्पष्ट दिसला, आणि 'ड्रॅमामीन' जगभर पसरलें. पुढें मेक्लिझीन, सिनारिझीन, आपल्याकडे 'अव्होमिन' या नांवानें परिचित असलेलें प्रोमेथाझीन अशीं औषधें प्रचारांत आलीं. १९७९ मध्यें हायोसीनची चकती अमेरिकेंत मान्य झाली. ती कानामागें चिकटवली कीं तीन दिवस त्वचेंतून औषध झिरपत राहतें. कातडीवाटें सबंध शरीराला औषध पुरविणारी ती तेथील पहिली चकती, आणि तिची जागा जेम्सनें जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीं सुचविलेलीच!

आतां या इतिहासांतील सर्वांत हृद्य प्रकरणाकडे वळूं. मनुष्य अंतराळांत गेल्यास त्याच्या तोलाचें काय होईल, या चिंतेनें अमेरिकेच्या नौदलाच्या वैमानिक-वैद्यक शाळेनें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टन येथील गॅलोडेट या बधिरांच्या महाविद्यालयांतून अकरा पुरुष निवडले. त्यांतील दहांची श्रवणशक्ति लहानपणींच्या मेंदूज्वरानें गेली होती आणि तिच्याबरोबर तोलाचें इंद्रियहि निकामी झालें होतें. पुढें कित्येक वर्षें या मंडळींनीं स्वतःस फिरत्या खोल्यांत, पडत्या-चढत्या विमानांत आणि वादळी समुद्रावर नेऊं दिलें. त्यांपैकीं चौघे तर वीस फूट व्यासाच्या, अखंड फिरणाऱ्या खोलींत सलग बारा दिवस राहिले. एकदां नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रावर प्रयोग चालला असतां ही बधिर मंडळी हातवारे करीत गप्पा मारीत पत्ते खेळत बसली. आणि त्यांची परीक्षा घेण्यास आलेले शास्त्रज्ञ स्वतःच इतके आजारी पडले कीं, प्रयोग थांबवावा लागला! ज्यांना समाज अपूर्ण समजत आला, ते त्या दिवशीं त्या जहाजावर सर्वांत धडधाकट होते. आणि ज्यांचीं सर्व इंद्रियें शाबूत, ते आडवे झाले होते. विमान लागणें हें दुबळेपणाचें लक्षण नव्हे, तें शाबूत इंद्रियाचें लक्षण आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

या व अशा पुराव्यांवरून आजचा सर्वमान्य सिद्धांत उभा राहिला; १९७५ मध्यें रीझन आणि ब्रँड यांनीं आपल्या ग्रंथांत तो सविस्तर मांडला. विमानाच्या खोलींत बसलेल्या प्रवाशाचे डोळे सांगतात कीं, समोरचें आसन स्थिर आहे, म्हणून आपणहि स्थिर आहों. कान सांगतो कीं, आपण वरखालीं होत आहों. दोन विश्वासू हेर परस्परविरुद्ध बातमी आणूं लागले म्हणजे राजाचा जो गोंधळ उडतो, तोच मेंदूचा उडतो. पण या गोंधळाची शिक्षा पोटाला कां? ट्राइझमन यानें १९७७ मध्यें असें अनुमान मांडलें कीं, वाहनें नव्हतीं त्या युगांत इंद्रियांची अशी विसंगति बहुधा विषारी कंदमूळ खाण्यांत आल्यानेंच होत असली पाहिजे. म्हणून मेंदू अद्यापि विष पडल्याचा ग्रह करून घेतो आणि पोट रिकामें करण्याचा हुकूम सोडतो. हें अनुमानच आहे. परंतु तें मनोरम आहे खरें. सिद्धांताचा मुख्य भाग मात्र अनुभवाशीं जुळतो. गाडी हांकणाऱ्यास गाडी सहसा लागत नाहीं, कारण पुढचें वळण त्याच्या मेंदूस आधींच कळलेलें असतें. दोन वर्षांखालील बालकांस हा त्रास क्वचितच होतो, आणि त्यानंतर बाराव्या वर्षापर्यंत तो अधिक असतो. भीति हें कारण असतें तर असें झालें नसतें. वेगाच्या धक्क्यांपेक्षां पांच सेकंदांस एक अशा संथ हेलकाव्यानें माणूस सर्वांत लवकर आजारी पडतो, हेंहि प्रयोगांनीं ठरलें आहे.

अंतराळानेंहि हीच साक्ष दिली. १९६१ च्या ऑगस्टांत रशियाचा गेर्मान टिटोव्ह पृथ्वीभोंवतीं फिरतांना आजारी पडला. अंतराळ लागलेला तो पहिला मनुष्य. १९६९ मध्यें अपोलो-९ मधील श्वायकार्ट यास झालेल्या वांतीमुळें यानाबाहेर चालण्याचा त्याचा बेत आंखडता घ्यावा लागला. परत आल्यावर त्यानें हें लपविलें नाहीं, उलट या दुखण्याच्या अभ्यासासाठीं स्वतःचा देह प्रयोगास दिला. परंतु पुन्हां अंतराळांत जाण्याचा योग त्याला आला नाहीं. १९८४ च्या एप्रिलांत राकेश शर्मा यांनीं भारहीन अवस्थेंत योगासनांचा उपयोग होतो काय, हें पाहण्याचा प्रयोग केला, तोहि याच प्रश्नाच्या अनुषंगानें.

आतां प्रवासास निघणाऱ्या गृहस्थानें किंवा गृहिणीनें या सर्वांतून काय घ्यावें? डोळे आणि कान यांचा तंटा मिटविणें, हें पहिलें सूत्र. म्हणून पंखांच्या जवळचें आसन मागावें, कारण विमानाचे हेलकावे तेथें सर्वांत कमी जाणवतात; खिडकींतून दूर क्षितिजाकडे पाहावें, किंवा तें शक्य नसेल तर डोळे मिटून मान मागें टेकवून डोकें स्थिर ठेवावें. पुस्तक किंवा हातांतील पडदा यांकडे पाहत राहणें म्हणजे तंटा चिघळविणें होय. कोंकणच्या बोटीवरील वडील माणसांचा उपदेश तो हाच! पोट अगदीं रिकामें नसावें, तुडुंबहि नसावें. मद्य वर्ज्य करावें. वाऱ्याची झोत तोंडावर घ्यावी. जमल्यास पहांटेचें विमान पत्करावें, कारण तोंवर जमीन तापलेली नसते. आल्याविषयीं म्हणावयाचें तर १९८२ मध्यें 'लॅन्सेट' पत्रांत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सुंठीची पूड घेतलेले विद्यार्थी फिरत्या खुर्चींत ड्रॅमामीन घेतलेल्यांपेक्षां अधिक वेळ टिकले; पुढील सर्वच प्रयोगांनीं त्यास दुजोरा दिला नाहीं. तरी आलेपाकाची वडी निरुपद्रवी आहे, आणि तिची आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्यांची ओळख आहे.

औषध घ्यावयाचें तर तें मळमळ सुरू होण्यापूर्वींच, बहुधा अर्धा ते एक तास आधीं घ्यावें. एकदां पोट ढवळलें म्हणजे गोळी पोटांत टिकत नाहीं आणि पुढें सरकतहि नाहीं. या औषधांनीं झोंप येते, म्हणून उतरल्यावर स्वतः मोटार हांकूं नये. लहान मुलें, गर्भवती स्त्रिया, काचबिंदूचे किंवा लघवी अडण्याचे रोगी यांनीं वैद्याच्या सल्ल्याशिवाय तीं घेऊं नयेत. आणि ज्यांना वारंवार प्रवास करावयाचा असेल, त्यांचें सर्वांत जुनें औषध म्हणजे संवय. तीच गति पुन्हां पुन्हां आली कीं मेंदू हळूहळू नवा हिशेब शिकतो. नेल्सनसारख्या कांहींना मात्र तो जन्मभर शिकतां येत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

तेव्हां शेजारच्या आसनावरील मूल पांढरें फटक पडून आईच्या कुशींत तोंड लपवूं लागलें, किंवा कोणी वृद्ध गृहस्थ संकोचानें समोरची कागदी पिशवी चांचपूं लागला, तर त्याच्याकडे पाहून हंसूं नये व त्याला धीटपणाचा उपदेशहि करूं नये. वाऱ्याचें तोंड त्याच्याकडे वळवावें, खिडकीची जागा त्याला द्यावी. त्याचे कान आपलें काम चोख करीत आहेत. पायीं चालणाऱ्या प्राण्याला मिळालेलें तें इंद्रिय ढगांत गेल्यावरहि इमानानें वर्दी देत आहे, इतकेंच. आपल्या भाषेनें पूर्वींच निकाल देऊन ठेवला आहे : विमान त्याला लागलें आहे, त्याचा स्वतःचा त्यांत कांहींएक अपराध नाहीं.